दरवानाच्या मुलाचे अक्षर

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. तेव्हापासून हा शब्द शाळेच्या फळ्यावर, नेत्यांच्या भाषणांत आणि चौकातल्या अभिनंदनाच्या फलकांवर इतक्या वेळा दिसला की त्याचा अर्थ विचारायचे कुणाला सुचेनासे झाले. मराठवाड्यातील एका वाचक भगिनींना मात्र सुचले. त्या प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांनी लिहिले आहे की वर्गातल्या एका मुलीने त्यांना विचारले, "बाई, आमच्या घरी दखनी बोलतात आणि शाळेत मराठी. मग अभिजात झाली ती भाषा आमची की दुसऱ्यांची?" बाईंनी पत्रात पुढे स्वतःचाही प्रश्न जोडला आहे. कला-साहित्यात अभिजात म्हणतात ते नेमके कशाला? ते जुने असावेच लागते का, आणि थोरामोठ्यांचे असावेच लागते का?

प्रश्न लहान मुलीकडून आला म्हणून लहान होत नाही. या महिन्याचे सदर आम्ही त्यालाच देत आहोत.

सुरुवात शब्दापासून करू, कारण निम्मी अडचण तिथेच आहे. ‘अभिजात’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला. मराठी समीक्षेने तो ‘क्लासिकल’साठी घेतला. आणि ‘क्लासिकल’चे मूळ शोधत गेलो तर ते सापडते प्राचीन रोमच्या कर-वहीत. तिथे नागरिकांची वर्गवारी मालमत्तेवर ठरत असे. सर्वांत वरच्या, धनवान वर्गातला तो ‘क्लासिकस’. ज्याच्याजवळ पोरांखेरीज दाखवण्यासारखे काही नाही तो ‘प्रोलेटारियस’. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस याच्या ग्रंथात भाषेच्या शुद्धतेची एक चर्चा आहे. तिच्यात हा भेद लेखकांना लावलेला दिसतो. प्रमाण मानायचा तो वरच्या वर्गातला लेखक, खालच्या वर्गातला नव्हे. म्हणजे एका शब्दाने कूळ पाहिले आणि दुसऱ्याने सातबारा.

उर्दूत आज ‘कलासिकी अदब’ म्हणतात, तो इंग्रजीवरून आलेला शब्द. पण त्याखेरीज आपल्याकडे ‘मुस्तनद’ हा शब्द होता आणि आहे. मुस्तनद म्हणजे ज्याची सनद देता येते असा. एखादा शब्द असा वापरावा की तसा, यावर वाद झाला की उस्तादाचा शेर सनद म्हणून पुढे ठेवायचा आणि वाद मिटवायचा. तो उस्ताद कोणाचा मुलगा होता हे त्या वादात कुणी विचारत नाही. तिन्हींत आम्हाला हा शब्द जास्त खरा वाटतो. का, ते पुढे येईलच.

समीक्षेच्या पुस्तकांत अभिजातपणाची लक्षणे दिलेली असतात: प्रमाणबद्धता, संयम, स्पष्टता, ठरलेल्या आकृतीचा आदर, भावनेला लगाम. त्याच्या समोर स्वच्छंदतावाद उभा करतात, ज्यात कवीचा स्वतःचा उमाळा हाच कायदा. लक्षणे चुकीची नाहीत. पण ती वाचून हातात काही येत नाही. म्हणून आम्ही उदाहरण अशा कलेचे घेतो जी आपल्या घराच्या भिंतीवर टांगलेली असते आणि तिच्याकडे आपण रोज पाहतो, म्हणजे क्वचितच पाहतो. ती कला म्हणजे खत्ताती, अरबी सुलेखन.

या कलेला जे अभिजात रूप आले त्याचे श्रेय परंपरेने बगदादच्या इब्न मुक्ला यांना दिले जाते. मृत्यू हिजरी ३२८, म्हणजे इसवी सन ९४०. अब्बासी खिलाफतीत तीन खलिफांचे ते वजीर होते. त्यांच्या आधीही अक्षर सुंदर लिहिणारे होतेच. पण सुंदर कशामुळे, हे सांगता येत नव्हते. ज्याचा हात चांगला त्याचे अक्षर चांगले, एवढेच. इब्न मुक्लांनी हाताला माप दिले. बोरूचे टोक तिरके कापून कागदावर दाबले की एक ठिपका उमटतो, कोनावर उभ्या असलेल्या शंकरपाळ्यासारखा. तो नुक्ता. अलिफची उंची किती, तर अमुक इतके नुक्ते. त्या अलिफला व्यास धरून वर्तुळ काढायचे आणि बाकीच्या अक्षरांचे बाक त्या वर्तुळाशी जुळवायचे. बे किती लांब, नूनची वाटी किती खोल, सगळे नुक्त्यांत मोजायचे. या पद्धतीच्या लिपीला ‘खत्त-ए-मन्सूब’ म्हणतात, म्हणजे प्रमाणात बसवलेली लिपी.

इथे थोडे थांबू, कारण आमच्या मते अभिजातपणाचे मर्म या ठिपक्यात आहे. हे माप इंचात नाही, बोटांत नाही, बादशहाच्या गजातही नाही. ज्या कलमाने लिहायचे त्याच कलमाच्या टोकाचे ते माप आहे. जाड कलम घेतले तर नुक्ता मोठा आणि अक्षर मोठे. बारीक घेतले तर दोन्ही लहान. प्रमाण तेच. मशिदीच्या कमानीवरचा हातभर अलिफ आणि खिशातल्या पंजसूऱ्यातला नखाएवढा अलिफ एकाच नियमाने उभा राहतो. नियम बाहेरून लादलेला नाही, तो हातातल्या साधनातून निघालेला आहे. आणि म्हणून तो शिकवता येतो. ज्याच्याकडे बोरू आहे आणि ज्याला मोजता येते, त्याला दरवाजा उघडा.

दरवाज्यावरून आठवण झाली. इब्न मुक्लांचा शेवट फार वाईट झाला. दरबारी राजकारणात त्यांचा उजवा हात तोडला गेला आणि ते कैदेत वारले. तुटलेल्या हाताला कलम बांधून ते लिहीत राहिले असे सांगतात. आज त्यांच्या हातचे म्हणून निर्विवाद दाखवता येईल असे एकही पान शिल्लक नाही. मग त्यांचे अक्षर कुठे आहे? ते पुढे ज्याच्या हातात गेले, तो इब्न अल-बव्वाब. नाव अली इब्न हिलाल, पण इतिहास त्यांना ‘बव्वाब’चा मुलगा म्हणून ओळखतो. बव्वाब म्हणजे दरवान. बाप दारावर उभा राहणारा, आणि मुलगा सुरुवातीला घरांच्या भिंती रंगवणारा. मग तो पुस्तकांच्या सजावटीकडे वळला आणि शेवटी अक्षराकडे.

शीराजमध्ये बुवैही सुलतान बहाउद्दौला यांच्या ग्रंथालयाची देखरेख त्यांच्याकडे होती. तिथली एक हकीकत जुन्या चरित्रग्रंथांत आहे. इब्न मुक्लांच्या हातच्या कुरआन शरीफचे सुटे जुज त्यांना ढिगाऱ्यातून मिळाले. तीसपैकी एकोणतीस निघाले, एक काही सापडेना. इब्न अल-बव्वाब म्हणाले, उरलेला मी लिहितो. सुलतान म्हणाले, मला ओळखता आला नाही तर खिलअत आणि शंभर दिनार. त्यांनी जुन्या कागदाशी मिळताजुळता कागद शोधला, तसेच सोने चढवले, जुन्या बांधणीतली पाठ वापरली. कालांतराने सुलतानांनी तीसही जुज उलटून पाहिले आणि नवा कोणता ते त्यांना सांगता आले नाही. बक्षीस काही हातात पडले नाही. तेव्हा इब्न अल-बव्वाब यांनी त्याऐवजी ग्रंथालयात पडून असलेले कोरे चिनी कागद मागून घेतले. हकीकत पुरतीच खरी असेल असे आम्ही म्हणत नाही. पण दरवानाच्या मुलाने रेशमी झग्याच्या जागी कोरे कागद मागावेत, हे सांगणाऱ्याला त्या माणसाची नस सापडली होती हे नक्की.

या इब्न अल-बव्वाब यांनी हिजरी ३९१ मध्ये, म्हणजे इसवी सन १०००-०१ च्या सुमारास, बगदादेत लिहिलेली कुरआनची एक प्रत आयर्लंडमधील डब्लिन शहरी चेस्टर बीटी ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. तिची छायाचित्रे आता सहज पाहता येतात. नस्ख लिपी आहे. त्यात दाखवण्यासाठी केलेले काही नाही. ओळ शांतपणे चालते, कोणतेही अक्षर शेजारच्यापेक्षा मोठ्याने बोलत नाही. हजार वर्षांनंतरही शाळेत अरबी वाचायला शिकलेले मूल ते पान वाचू शकते. आम्हाला विचाराल तर अभिजात याचा अर्थ हाच.

त्यांच्यानंतरची साखळी पाहा. परंपरा सांगते की ही तालीम बगदादच्या शुहदा अल-कातिबा यांच्याकडून पुढे गेली. त्यांचा मृत्यू ११७८ मधला. त्या हदीस शिकवत, त्यांच्यासमोर मोठमोठे विद्वान बसत, आणि लोक त्यांना ‘फख्रुन्निसा’ म्हणत. साखळीतले पुढचे मोठे नाव याकूत अल-मुस्तअसिमी. ‘याकूत’ म्हणजे माणिक. अशी रत्नांची नावे त्या काळी गुलामांना ठेवत. ते शेवटचे अब्बासी खलिफा अल-मुस्तअसिम यांचे गुलाम होते. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद लुटले तेव्हा त्यांनी एका मिनारात आसरा घेतला आणि कागद नव्हता म्हणून कापडावर सराव चालू ठेवला, अशी गोष्ट सांगतात. कलमाचे टोक अधिक तिरके कापून त्यांनी जुन्या मापांना नवी नजाकत दिली. सहा मुख्य लिप्यांची जी शिस्त पुढे तुर्कस्तान, इराण आणि हिंदुस्थानात प्रमाण मानली गेली, ती त्यांच्या नावाने.

एक वजीर, ज्याचा हात तोडला. एक दरवानाचा मुलगा. एक बाई. एक विकत घेतलेला गुलाम. यांतले ‘चांगल्या कुळात जन्मलेले’ किती, ते वाचकांनीच मोजावे. लिपी मात्र अभिजात.

हे अपवाद म्हणून सोडून देता येत नाही, कारण अरबी साहित्यातही हेच दिसते. इस्लामपूर्व काळातल्या ज्या कसीद्यांना ‘मुअल्लकात’ म्हणून मान आहे, त्यांच्या कवींपैकी अंतरा हा हबशी गुलाम आईचा मुलगा होता. बापाने त्याला बरीच वर्षे आपला म्हटले नव्हते. अरबी व्याकरणाचा पायाभूत ग्रंथ, ज्याला नुसते ‘अल-किताब’ म्हणतात, तो लिहिणारे सीबवैह इराणी होते. अरबी ही त्यांच्या आईची भाषा नव्हती. सांगतात की हदीसच्या वर्गात वाचताना व्याकरणाची एक चूक झाली, उस्तादांनी टोकले, आणि हा तरुण त्या जिद्दीने व्याकरणाकडे वळला. पुढे अस्सल अरबांना आपल्या भाषेची सनद त्यांच्या किताबातून द्यावी लागली. मराठीकडे वळून पाहिले तर ‘लीळाचरित्र’ ज्यांच्या लीळा सांगते ते चक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतील भडोचचे. मराठी गद्याची वाट ज्यांच्या बोलण्याने मोकळी झाली त्यांचा जन्म मराठी मुलखातला नाही.

आता बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. अभिजात म्हणजे जुने का? या प्रश्नावर नवव्या शतकात इब्न कुतैबा (मृत्यू ८८९) यांनी फार स्वच्छ भूमिका घेतली. हे दीनवरचे काझी होते आणि कवींच्या चरित्रांचा एक मोठा ग्रंथ त्यांनी लिहिला. त्याच्या प्रस्तावनेत ते म्हणतात त्याचा आशय असा की, कवी जुना आहे म्हणून मी त्याला वर बसवणार नाही आणि समकालीन आहे म्हणून खाली उतरवणार नाही. अल्लाहने ज्ञान, काव्य आणि वक्तृत्व कोणत्या एका काळाला किंवा एका कौमला बांधून दिलेले नाही. आज जे जुने आहे तेही आपल्या काळी नवेच होते. अकराशे वर्षांपूर्वीचा हा विचार आहे. आजच्या कित्येक साहित्य संमेलनांत तो अजून पोचायचा आहे.

पण गंमत पुढे आहे. त्याच प्रस्तावनेत, थोड्याच अंतरावर, हेच इब्न कुतैबा कसीद्याचे ठरलेले टप्पे सांगतात. प्रियेच्या उजाड मुक्कामापाशी थांबून रडणे, मग उंटावरून वाळवंटाचा प्रवास, मग स्तुती. आणि बजावतात की नंतरच्या कवींनी ही वाट सोडू नये. उजाड मुक्कामाऐवजी बांधलेल्या घरापाशी रडायचे नाही. उंटाऐवजी गाढवावर किंवा खेचरावर बसून प्रवास करायचा नाही! काळाला न बांधलेले काव्य त्यांनी उंटाला बांधून ठेवले.

त्यांच्या दोन पिढ्या आधीच अबू नुवास या शहरी कवीने या रडण्याची टर उडवली होती. बगदादच्या गल्लीत राहायचे, तंबू जन्मात पाहायचा नाही, आणि कविता लिहायला बसले की ओसाड तंबूपाशी अश्रू ढाळायचे, हे त्याला खोटे वाटे. अबू नुवासच्या मद्यकाव्याबद्दल कुणाचे मत काहीही असो, आमचेही त्याबाबत कौतुकाचे नाही, पण या मुद्द्यावर तो बरोबर होता. त्याने भाषा बिघडवली नाही, वृत्त सोडले नाही. जे आता खरे उरले नव्हते तेवढेच टाकले. आणि इब्न कुतैबांचा न्यायीपणा असा की त्यांनी आपल्या ग्रंथात अबू नुवासलाही जागा दिली.

या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या की अभिजाततेबद्दलचा बराच गोंधळ संपतो. नुक्त्याचे माप ही एक गोष्ट, उंट ही दुसरी. माप सगळ्या काळांत कामाला येते. उंट एका मुलखाचा आणि एका काळाचा. अभिजातवाद जिथे जिथे कुजला, तिथे मापाच्या जागी उंट जपला गेला होता.

युरोपातही हेच झाले. फ्रान्समध्ये १६३५ साली भाषा आणि साहित्याची अकादमी स्थापन झाली. दोनच वर्षांनी कॉर्नेलचे ‘ल सिद’ हे नाटक रंगमंचावर आले. प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले आणि विद्वानांनी नियमभंगाची तक्रार केली. एका दिवसात, एका जागी, एकच कथानक असा नियम ते ॲरिस्टॉटलच्या नावाने सांगत. ॲरिस्टॉटलने आग्रह धरला होता तो मुख्यतः कथानकाच्या एकतेचा. प्रकरण अकादमीपर्यंत गेले आणि अकादमीने नाटकातले दोष दाखवले. नाटक आजही होते, दोषांची ती यादी फक्त अभ्यासक वाचतात. जाता जाता सांगतो, ‘सिद’ हे त्या स्पॅनिश वीराचे नाव आपल्या ‘सय्यद’पासून आलेले आहे.

ज्या वर्षी पॅरिसमध्ये अकादमी निघाली, त्याच सुमारास इकडे दख्खनमध्ये गोवळकोंड्याला मुल्ला वजही ‘सबरस’ लिहीत होते. दखनी गद्यातला हा मोठा ग्रंथ. कथा फारसीतून घेतलेली, पण बोली बाजारातली, घरातली. प्रतिष्ठा फारसीला होती. तरी वजहींनी जे लिहिले ते बोबडे नाही, त्यात तोल आहे, नाद आहे, सुभाषितासारखी बांधलेली वाक्ये आहेत. बोलीला माप लावले की काय होते ते तिथे दिसते.

आणि इथे त्या मुलीचे उत्तर सुरू होते. बेटी, तुझ्या घरातली दखनी ही कुणाच्या उष्ट्यावर वाढलेली भाषा नाही. ज्यांना वली औरंगाबादी म्हणतात त्या वलींचा दिवाण १७२० च्या सुमारास दिल्लीत पोचला, तेव्हा तिथले कवी कविता म्हणजे फारसी असे समजून चालत होते. बोलीत गझल इतकी सफाईने बांधता येते हे त्यांनी वलींच्या दिवाणात पाहिले आणि त्यांतले अनेक त्या वाटेला लागले. उर्दू गझलेचा जो अभिजात काळ म्हणून आपण मीर आणि गालिबपर्यंत मोजतो, त्याला दिल्लीत चालना मिळाली ती दख्खनच्या बोलीमुळे. वलींनंतर त्याच औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सिराज झाले. वलींची अहमदाबादेतली मजार २००२ च्या दंगलीत जमीनदोस्त केली गेली आणि तिच्यावरून डांबरी रस्ता गेला. दिवाण मात्र वाचला जातो आहे.

त्या दखनीत तू ‘नक्को’ म्हणतेस तो मराठीचा ‘नको’. शब्दाला जोर देताना शेवटी ‘च’ लावतेस, तोही मराठीचाच. मग मराठी दुसऱ्यांची कशी? मराठीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून जी ‘गाहा सत्तसई’ पुढे ठेवली जाते, ती महाराष्ट्री प्राकृतातली आहे, आणि तिच्यात राजवाड्यापेक्षा शेते, गावे, पाऊस आणि घरातल्या बायाच जास्त आहेत. पुढे याच मराठीत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला. पेशवाईच्या उतरत्या काळात सगनभाऊंनी लावण्या आणि पोवाडे रचले. सगनभाऊ मुसलमान, धंद्याने शिकलगार. त्यांच्या लावणीला त्या काळी कुणी अभिजात म्हटले नसते. आज मराठी शाहिरीचा इतिहास त्यांच्यावाचून लिहिता येत नाही.

शिकलगार हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला. आपल्यातही सोयरीक जमवताना ‘खानदान’ विचारले जाते. शिकलगार, बागवान, तांबोळी, मोमीन अशा नावांची चढती-उतरती शिडी आपल्या डोक्यात पक्की आहे. जन्मावरून माणूस मोजू नये हे मिंबरवरून ऐकायचे आणि दस्तरखानावर विसरायचे, असे चालते. म्हणून ‘अभिजात’ या शब्दाचा जन्मवाला अर्थ आपल्यालाही गोड लागतो, तो फक्त वरच्या जातींना गोड लागतो असे समजण्याचे कारण नाही.

मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर जातात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. ते घडवणाऱ्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगारच होते. तलवारींना धार लावणाऱ्या हातांनी भोपळ्याला आणि लाकडाला सूर दिला. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीचा पृष्ठभाग केसाएवढा घासतो, तारेखाली दोरा सरकवतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तेही मापच, फक्त कानाचे. ज्याला आपण शास्त्रीय संगीत म्हणतो ते या घासण्यावर उभे आहे.

गाणाऱ्यांचेही तेच. उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी होते. गाणे घराण्याचे, म्हणजे शब्दशः घरातले. पण त्यांची तालीम गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडे गेली. दोघी कलावंत समाजातल्या, खाँसाहेबांच्या घरातल्या नव्हेत, धर्मातल्याही नव्हेत. आज जयपूर-अत्रौली घराणे म्हटले की पहिल्या नावांत त्या दोघी येतात. मुस्तनद म्हणतात ते हे. सनद रक्तातून येत नाही, उस्तादासमोर बसून येते. ते बसणे सोपे नाही, वर्षानुवर्षांचे आहे. ज्याला अभिजाततेचा अभिमान आहे पण बसायची तयारी नाही, त्याच्या हाती फलक उरतो.

ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षांची मुले आहेत त्यांनी सुटीत एक करून पाहावे. बोरू मिळाला तर उत्तम, नाही तर बांबूची काडी सुरीने तिरकी कापून चालते. सुरी मोठ्यांनी धरावी. देवनागरी सुलेखन शिकवणारेही अक्षराची उंची टोकाच्या रुंदीतच मोजतात, तेव्हा एकाच काडीने एका ओळीत अलिफ आणि दुसरीत ‘अ’ काढता येईल. शाई फार पातळ नको, फुटते. पहिल्या दिवशी अक्षर काढायचेच नाही. नुसते ठिपके काढायचे, एकाखाली एक, टोकाला टोक लावून, सगळे सारखे येईपर्यंत.